सासूबाईंचा ट्रक

माझ्या सासूबाई वारल्या आणि वर्ष व्हायच्या आत ट्रक चालवायला लागल्या.

असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या नवऱ्याकडे कीव आल्यासारखं बघतात. म्हणून पहिल्यापासूनच सांगते.

आमचं घर भिवंडीत, लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्याला चिकटून. चिकटून म्हणजे मधे एकच भिंत. अलीकडे आमची बैठकीची खोली, पलीकडे खडाखड चालणारे लूम. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे दादांनी, सगळा जन्म अशाच लूमवर काढला आणि उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट अर्धं तिथेच ठेवून आले. सासूबाई गेल्या आणि दादांनी बोलणंच टाकलं. ताट पुढ्यात ठेवलं की नुसते बघत बसायचे. डॉक्टर म्हणाले, "आजार काही नाही, माणसाचं मन उठलंय. कसला तरी नाद लावा." नाद लावा म्हणे! भजनाला पाठवलं, अर्ध्या वाटेतून परत आले. नाक्यावरच्या म्हाताऱ्यांत नेऊन बसवलं, तर तिथेही भिंतीकडे तोंड करून बसले.

माझे यजमान महेश मानकोलीच्या गोदामात सुपरवायझर. दिवसभर तिथे ट्रक आत घ्यायचे, बाहेर काढायचे. डोकं शांत व्हावं म्हणून त्यांनी एक व्हिडिओ गेम घेतला. त्यात काय करायचं? ट्रक चालवायचा! (यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.) एका संध्याकाळी ते टीव्हीवरचा ट्रक घाटातून नेत होते आणि कोपऱ्यातून आवाज आला, "आरं, ब्रेक मार! पडशील!"

दादा बोलले होते. महेशनी आनंदाच्या भरात ट्रक दरीत घातला.

मग काय, दादांच्या हातात कंट्रोलर दिला. पण घोडं तिथंच अडलं. गाडी पळवायचा खटका कंट्रोलरच्या पाठीमागे, आणि तो दाबायचा नेमका त्याच बोटाने, जे दादांनी लूमला देऊन टाकलं होतं! दादांनी उरलेलं थोटूक दोनदा टेकवून पाहिलं आणि कंट्रोलर खाली ठेवला. "माझ्या नशिबी गाडी न्हाय," एवढंच बोलले.

आता मी घरात बसून मोबाइल दुरुस्त करते. (बिघडवते जास्त, असं शेजारीण म्हणते. तिचा मोबाइल मी अजून दिलेला नाही.) पदर खोचला आणि कंट्रोलर उघडला. आतली कडक स्प्रिंग काढून टाकली. लूमच्या सामानाच्या दुकानातून सगळ्यात नाजूक स्प्रिंग आणली, लूमवर धागा तुटला की जराशा धक्क्याने सुटते तशी. खटक्याला जोड द्यायला काय लावावं? घरात दादांचा एक मोडका धोटा होता. धोटा म्हणजे लूममध्ये सूत घेऊन इकडून तिकडे धावणारं ते निमुळतं लाकूड. त्याचा तुकडा तासून लांब खटका केला, थेट तळहातापर्यंत. आता बोटाची गरजच नाही! तळहात नुसता टेकवला की ट्रक सुटायचा.

दादांनी तो खटका चाचपला, लाकूड ओळखलं आणि हसले. त्या दिवसापासून दादा ट्रक ड्रायव्हर! जेवायला लागले, आंघोळ करून केस विंचरून ट्रकवर "ड्युटीला" बसायला लागले. मी गल्लीभर सांगत सुटले, "नुसत्या स्क्रू-ड्रायव्हरने माणूस बरा केला मी!"

दादा ड्युटी संपली की ट्रक रस्त्याच्या कडेला लावायचे आणि कंट्रोलर फळीवर ठेवायचे. ही फळी त्या मधल्या भिंतीला ठोकलेली. फळीवर सासूबाईंचा हार घातलेला फोटो. आमच्याकडे जी वस्तू मोलाची, ती फोटोपुढे ठेवायची पद्धत. लाइटबिल भरायचं असलं तरी आधी तिथे, पेढे आले तरी आधी तिथे.

एका तिन्हीसांजेला मी दिवा लावत होते. दादा ओटीवर चहा पीत होते, महेश अजून आले नव्हते. खोलीत मी एकटी. टीव्हीवर ट्रक घाटात उभा, त्याच्या दिव्यांच्या उजेडात रिकामा रस्ता आणि धुकं. आणि माझ्यामागून आवाज आला.

"हंऽऽऽ..."

माझ्या हातातली काडी विझली. तो आवाज मी ओळखत होते! सासूबाई बोलायच्या फार कमी. माझी आमटी चाखली की फक्त "हंऽऽ" करायच्या, आणि मी मुकाट्याने आणखी डाळ घालायची. वळून पाहिलं, तर टीव्हीवरचा ट्रक हळूच पुढे सरकला होता. इंजिन घुमत होतं. फळीवर बघते तो काय, धोट्याचा तो लाकडी खटका आपला आपण खाली दबला, क्षणभर तसाच राहिला आणि सावकाश वर आला. जवळ माणूस नाही, माणसाची सावली नाही!

मी किंचाळले. दादा आले, मागोमाग महेशही आले. आम्ही तिघं फळीपुढे उभे. पुन्हा खटका दबला. ट्रक पुन्हा "हंऽऽ" करून हातभर सरकला. फोटोतल्या सासूबाई सरळ माझ्याकडे बघत होत्या.

"स्प्रिंग खराब लावलीस तू," महेश बोलले, पण माझ्या मागे उभे राहून.

"स्प्रिंग स्वतःहून दाबते का स्वतःला?"

"मग... दादांचं बोट असेल. जुन्या धोट्यात अडकलेलं."

"अहो, अर्ध्या बोटाचं कुठे भूत असतं?"

दादांनी आम्हाला हातानेच गप्प केलं. ते फोटोजवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "तू हायस का गो?"

खटका दबला. "हंऽऽऽ!"

दादांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. माझे पाय मात्र स्वयंपाकघरात कधी पोचले, ते मला कळलं नाही.

तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला दादा ट्रक कडेला लावून फोटोपुढे बसायचे आणि बोलायचे. "आज शेलार गावाला जाऊन आलो गो, बाजार लय म्हाग झालाय." कधी लगेच उत्तर यायचं, कधी खूप वेळाने. गुडघे दुखायचे म्हणून सासूबाईंना अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर जायचं होतं. दादा दर वर्षी "या वर्षी नक्की" म्हणायचे आणि लूमवर जायचे. त्यांनी विचारलं, "अकलोलीला जायचं ना?" तर ट्रक असा गरजला की कडेच्या झाडाला जाऊन धडकला!

आणि मी? माझी अवस्था विचारू नका. सासूबाई घरात आहेत म्हटल्यावर मी डबे घासले, माळा झाडला, फ्रिजमधली शिळी भाजी टाकताना फोटोला "सॉरी आई" म्हटलं. त्या हयात असताना मी एवढं काम केलं असतं, तर त्या सुखाने गेल्या असत्या. फळीसमोरून जायचं झालं की मी डोक्यावर पदर घेऊन पळायची, आणि मागून इंजिन घुमलं की तिथल्या तिथे थिजायची.

अखेर मी माझ्या मावशीला बोलावलं. ती अकलोलीची, तिला बाहेरचं, भुताखेतांचं कळतं अशी तिची ख्याती. आली, पाणी प्यायली, फळीखाली भिंतीला टेकून बसली आणि ताडकन उठली.

"आगो बाय माजे! ही भित हालतंय!"

"कुठे हलते?"

"कुठं काय! दात वाजले माजे! तुमाला कलत न्हाय?"

आम्हाला खरंच कळत नव्हतं. लूमचा हादरा आमच्या अंगात इतका मुरलाय की तो आम्हाला लागतच नाही. लूम चालू असणं म्हणजेच आमच्याकडे शांतता! मी पाण्याचा पेला फळीवर ठेवला. पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या. मग पलीकडे काहीतरी धाडकन झालं, पाणी उसळलं, खटका दबला आणि ट्रक म्हणाला, "हंऽऽ."

मी मागच्या बोळात धावले आणि कारखान्याच्या खिडकीतून आत पाहिलं. आमच्या भिंतीलगतच्या लूमचा धागा तुटला होता. कारागिराने तो जोडला आणि हँडल मारलं. धाड! भिंतीला दणका.

"क्या हुआ भाभी?"

"कुछ नहीं, आप चलाओ," मी म्हणाले. माझी नाजूक स्प्रिंग, माझा जड लाकडी खटका! मीच ते भूत बनवलं होतं, आणि त्याला घाबरून मीच माळा झाडला होता!

महेश म्हणाले, "आत्ताच्या आत्ता कडक स्प्रिंग लाव." मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खोलीत गेले. दादा फोटोला सांगत होते, "अकलोलीला तुजी हिरवी साडी घेऊन जाऊ. कुंडावर ठेवीन मी." आणि हसत होते. आता ही स्प्रिंग मी कुठल्या हाताने बदलू? स्क्रू-ड्रायव्हर पदरात लपवला आणि चहा टाकायला गेले.

सगळं छान चाललं होतं. पण सुताचे भाव वाढले आणि कारखानदारांनी लूम बंद ठेवले.

भिवंडीत लूम बंद होणं काय असतं, ते बाहेरच्याला कळायचं नाही. कान गच्च होतात. भांडं ठेवलं तरी दचकायला होतं. शेजारच्या घरातलं कुजबुजणं ऐकू येतं, आणि वाटतं, आपलंच काहीतरी बोलतायत. त्या भयाण शांततेत दादा फोटोपुढे बसून विचारत होते, "काय गो? बोल ना." टीव्हीवर ट्रक धुक्यात उभा. खटका जागचा हलेना. दुसऱ्या दिवशी दादांनी केस विंचरले नाहीत. तिसऱ्या दिवशी ताट परत पाठवलं. "ती गेली," एवढंच बोलले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

मी महेशना म्हणाले, "खरं सांगून टाकूया का?"

"काय सांगणार? की ती आई नव्हती, लूम होता?"

ते आम्हा दोघांच्यानेही झालं नसतं. दुपारी मी खुंटीवरचं मुसळ घेतलं, मागच्या बोळातून बंद कारखान्यात शिरले (वॉचमनला सांगितलं, उंदीर मारायचाय) आणि आमच्या भिंतीशी उभी राहिले. वर झरोका होता, त्यातून दादांचा आवाज येत होता. अंधारात उभे लूम, त्यांच्यावर अर्धवट कापड पांढरं लोंबतंय, आणि मधे मी मुसळ घेऊन! मलाच माझी भीती वाटत होती. देवाचं नाव घेतलं आणि भिंतीवर एक दणका दिला.

पलीकडे ट्रक घुमला.

"आलीस गो!" दादांचा आवाज एकदम कापला. "मला वाटलं, रुसलीस. जेवू का मी?"

मी दणका दिला.

"आन् रविवारी अकलोलीला जायचं. म्हेश गाडी काढतो बोललाय."

दिला दणका! माझे डोळे भरून आले होते. मग दादा जरा थांबले आणि हळूच म्हणाले, "येक इचारू? ही आपली सून... गुनाची हाय पोरगी."

मी मुसळ उचललं. असा दणका देणार होते की भिंतच पडली असती. पण दादा पुढे बोलले, "पन आमटी पानचट करते. न्हाय?"

मुसळ हवेतच राहिलं. मग दादा बारीक आवाजात म्हणाले, "का गो? गेलीस?"

काय करणार? मारला दणका.

"मंग! मी बोलत व्हतो!" दादा खदखदून हसले. "आन् जराशी आळशी पन हाय?"

मारला. "आन् मोबाइल बिघडवते लोकांचे?" मारला! सासूबाईंनी आयुष्यात माझ्याबद्दल जे कधी तोंडातून काढलं नाही, ते सगळं मी माझ्याच हाताने कबूल करून मोकळी झाले.

मुसळ पाठीमागे लपवून घरात आले. दादा मांडी घालून जेवत होते. माझी पानचट आमटी भुरकत होते, आणि दुसरी वाटीही मागितली त्यांनी. मला इतकं बरं वाटलं की मी फोटोकडे बघून हात जोडले.

लूम बंद होते. मुसळ माझ्या बगलेत होतं. फळीवरचा लाकडी खटका सावकाश खाली दबला, क्षणभर तसाच राहिला आणि वर आला.

"हंऽऽऽ..."

"आता तर मी काय इचारलं न्हाय," दादा ताटातून मान वर न करता म्हणाले.

मी मुकाट्याने स्वयंपाकघरात गेले आणि आमटीत आणखी डाळ घातली.