काकूच्या जागी आई

आमच्यावर डॉक्युमेंटरी निघाली होती. आम्ही म्हणजे जळगाव-धुळ्याची पाचसहा कॉलेजची पोरं. पृथ्वी तापतेय, जागे व्हा, असं गावोगाव चौकात ओरडत हिंडायचो. शूटिंग करणाऱ्या पुण्याच्या ताईंना उन्हानं माणूस गेलेलं एखादं घर हवं होतं. मी लगेच हात वर केला. आमच्याच घरात होतं की! काका दोन महिन्यांपूर्वी गेला होता. कॅमेऱ्यापुढे मिरवायची मला भारी हौस. थू माझ्यावर.

त्या दिवशी सकाळपासूनच काकाचं डोकं दुखत होतं. शेतीची लाईट आली ती नेमकी भर दुपारी. केळी तहानलेली. वडील काकाला म्हणाले, "जाय, मोटर चालू करून ये." तो म्हणाला, ऊन जरा उतरू दे. त्यावर वडील सगळ्यांदेखत म्हणाले, "बायकोच्या पदराखाले लपतो का रे?" तो गेला. मी तिथंच कूलरपुढे लोळत मोबाईल बघत होतो, उठलोसुद्धा नाही. संध्याकाळी काका मोटरीच्या पेटीजवळ सापडला.

ताई घरी यायच्या दिवशी काकूनं तोंड धुतलं, केस विंचरले. "मी सांगते त्यायले बठ्ठं," म्हणाली. सगळं सांगणार म्हटल्यावर वडिलांचा चेहरा झर्रकन उतरला. आमच्या घरानं कधी कसली रीत पाळली नव्हती, पण त्या दिवशी एकदम रीत आठवली: विधवेनं वर्षभर परक्यांपुढे बसायचं नसतं म्हणे. काकूला आतल्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. पदर कपाळावर ओढून, कुंकू झाकून आई कॅमेऱ्यापुढे बसली. मी ताईंना सांगितलं, "ही माझी काकू." आई काय रडली, बाप रे! "उन्हानं खाल्लं व माय माह्या मानसाले," म्हणाली. तिचा माणूस दाराशी उभा राहून ऐकत होता.

फिल्म जळगावला एका हॉलमध्ये दाखवली. आई घरीच राहिली. काकू मात्र हट्टानं आली, पडद्यावर काकाचा फोटो दिसणार म्हणून. फिल्म संपली, टाळ्या पडल्या, वडिलांनी रुमालानं डोळे पुसले. सुटलो एकदाचे, असं मला वाटलं. उन्हावर कोण केस करणार?

तेवढ्यात काकू उभी राहिली.

"धरती तापली म्हनता. तापली आसंन. पन भर दुपारी त्यायले वावरात कोनं धाडलं?"

वडील खाली फरशीकडे बघू लागले. ताईंनी मला विचारलं, "या कोण?"

काकू माझ्याकडेच बघत होती. हा शिकलेला आहे, हा तरी खरं सांगेल, असं वाटलं असेल तिला.

"नात्यातली आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "डोक्यावर परिणाम झालाय तिच्या."

लोक हळहळले. ताईंनी तिला हाताला धरून खाली बसवलं, पाण्याची बाटली दिली.

"हाही उन्हाचाच परिणाम का हो?" मागून कुणीतरी विचारलं.

मी हो म्हणालो.