मार्थाताईंच्या उंचीचा ओटा

सुताराच्या दुकानात ढलप्या साचतात तसेच किस्से साचतात. संध्याकाळी झाडून घ्या, सकाळी पायाखाली पुन्हा आहेतच! गाझियाबादच्या आमच्या शेडमध्ये ढलप्यांवर चहा उकळायचा आणि चहावर किस्से. आता ती शेड गेली, तिथे मोटारींचं शोरूम झालं. किस्से तेवढे राहिले.

नातवंडं म्हणतात, "आजोबा, वो ट्रेलरवाला सुनाओ ना!" मराठीत सांगायला लागलो की निम्मे शब्द त्यांना कळत नाहीत. म्हटलं, ज्यांना कळतात त्यांच्यासाठी लिहून ठेवू. शाळा मी पाहिली ती बाहेरून, तिच्या खिडक्या बसवायला गेलो तेव्हा. अक्षरं शिकलो दिल्लीच्या बसच्या पाट्यांवर. तेव्हा कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

* * *

शेड अर्धी माझी, अर्धी हरबन्ससिंगची. मी लाकडाचा, तो लोखंडाचा. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचा. माणूस दाराएवढा, आवाज त्याहून मोठा.

एक दिवस जुन्या ॲम्बॅसिडरमधून एक उंच, सडपातळ साहेब उतरले. हातात कागदाची गुंडाळी. मी मराठी आहे हे कळल्यावर आधी गाव विचारलं. मी नगरकडचा, तेही नगरचे. रणदिवेसाहेब. केंद्र सरकारात मोठ्या हुद्द्यावर होते, नुकतेच रिटायर झालेले. आर. के. पुरमचं क्वार्टर सोडून मयूर विहारला फ्लॅटमध्ये आले होते.

कागद उलगडला. दोन चाकांची एक छोटी खोली, गाडीच्या मागे जोडायची. आत झोपायला बाकडी, कोपऱ्यात स्वयंपाक. साहेब आणि बाईसाहेब हिंदुस्थान बघायला निघणार!

हरबन्सने कागद उलटा-सुलटा करून पाहिला. "साहबजी, लोग घर से तंग आ के घूमने जाते हैं. आप घर को ही साथ ले जा रहे हो?"

साहेब म्हणाले, "सरदारजी, तीस साल सरकार ने मेरा ट्रान्सफर किया. अब मैं खुद अपना ट्रान्सफर करूँगा. जब मन करे, जहाँ मन करे!"

हरबन्स माझ्या कानाशी आला. "और मेमसाब का ट्रान्सफर? उनसे पूछा है?"

नव्हतं विचारलं!

* * *

ट्रेलरचा सांगाडा उभा राहिल्यावर बाईसाहेब बघायला आल्या. मार्थाताई. उंचीने माझ्या खांद्याच्याही खाली, अंबाडा घट्ट, पर्स त्याहून घट्ट. आत चढल्या, सगळीकडे बघितलं, आणि स्वयंपाकाच्या कोपऱ्यात उभ्या राहून एकच प्रश्न विचारला, "दत्तूभाऊ, पाट कुठे ठेवायचा?"

मला वाटलं, जेवायला बसायचा पाट. तसं नव्हतं. सरकारी क्वार्टरांतले ओटे सगळे एकाच उंचीचे, आणि ताईंना ते छातीला लागायचे. म्हणून लग्नात माहेरहून आलेला शिसवी पाट त्या ओट्यापुढे टाकायच्या आणि त्यावर उभ्या राहून स्वयंपाक करायच्या. शिलाँगला पाट, जबलपूरला पाट, दिल्लीत पाट. उतरा, मीठ घ्या, चढा. उतरा, दार उघडा, चढा. सामान बांधताना पाट सगळ्यांत शेवटी, सोडताना सगळ्यांत आधी.

एकदा आर. के. पुरमला असताना साहेबांनी रीतसर तक्रार केली होती, ओटा खाली घ्यावा म्हणून. एक माणूस टेप घेऊन आला. ओटा मोजला. मग ताईंकडे वरून खाली पाहिलं आणि म्हणाला, "सर, काउंटर तो बिल्कुल ठीक है. मैडम की हाइट कम है!"

आणि निघून गेला.

* * *

हा किस्सा ताईंनी हसत सांगितला, पण पुढचं वाक्य बोलताना हसल्या नाहीत. "पाटावर जन्म गेला, भाऊ. आता चाकांवर पाट नको. इथे माझ्या उंचीचा ओटा होणार असेल, आणि त्यावर नाताळच्या करंज्या लाटता येतील एवढी जागा असेल, तर मी येते. नाहीतर यांनी एकट्यांनी फिरावं."

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांचं सगळं स्वप्न त्या कोपऱ्यात अडकलं. कोपरा म्हणजे तरी केवढा? स्टोव्ह ठेवला की संपला. आणि उंची?

साहेब म्हणाले, "अगं, इतका बुटका ओटा केला तर मी चहा कसा करणार? वाकून?"

ताईंनी वळून पाहिलंसुद्धा नाही. "आजवर ताठ उभं राहून कितीदा केलात?"

साहेब म्हणाले, "दत्तूभाऊ, करा बुटका!"

* * *

मी म्हटलं, ओटा स्टोव्हपुरताच ठेवू. त्याच्या कडेला बिजागरीवर एक फळी लटकवू. काम नसेल तेव्हा खाली लोंबेल, काम असेल तेव्हा वर उचलायची, खाली टेकू लावायचा. झाली करंज्यांची जागा!

उंची मात्र कशी ठरवायची? साहेब इंचात बोलायचे, हरबन्स मुठीत. मी ताईंना म्हटलं, "ताई, उद्या पोळपाट-लाटणं आणि कणीक घेऊनच या. माझ्या कामाच्या बाकावर लाटून बघा. हात सांगेल ती उंची."

दुसऱ्या दिवशी आल्या. बाकाच्या पायांखालच्या विटा मी एकेक काढत गेलो, आणि त्या लाटत गेल्या. "अजून खाली... अजून... थांबा." थांबा म्हणाल्या आणि पुढची पोळी अशी सरसर फिरली की बघत राहावं! खांदे खाली आले, मान सैल झाली. मी मापाच्या दोरीला गाठ मारली. तीच उंची.

मग लाटलेल्या पोळ्यांचं काय करायचं? वाया कशाला घालवायच्या? ढलप्या पेटवल्या, वर तवा ठेवला. डब्यात ताईंनी पिठलं आणलं होतं, त्यांना अंदाज असावा. भुसा झटकत सगळे जेवलो.

हरबन्स हात धुऊन आला आणि अदबीने म्हणाला, "भैनजी, नाप एक दिन में पक्का नहीं होता. रोज़ लेना पड़ता है जी, रोज़!"

* * *

फळी बसली. साहेबांच्या नकाशात तिला खाली घडीचा पाय होता. मी म्हणत होतो, पाय नको, भिंतीतून तिरका टेकू देऊ. साहेब म्हणाले, पाय मजबूत. शेवटी मी पाय केला.

हरबन्स म्हणाला, "टेस्ट तो करना पड़ेगा." आणि आम्ही काही म्हणायच्या आत तो त्या फळीवर बसला!

पाय गेला, फळी गेली, हरबन्स खाली. सगळा ट्रेलर एका बाजूला कलंडून परत आला. धूळ बसल्यावर आतून आवाज, "लकड़ी कमज़ोर है."

मी म्हटलं, "सरदारजी, इथे करंज्या लाटायच्या आहेत, करंजी खाणाऱ्याला नाही बसवायचं!"

साहेबांनी नकाशातला पाय पेन्सिलीने खोडला आणि म्हणाले, "टेकूच करा."

मग तिरका टेकू केला. हरबन्स त्याच्यावरही बसणार होता. ताईंनी नुसती पर्स उचलली, तसा मागे सरला.

* * *

न्यायचा दिवस उजाडला. पॉलिश चकचकीत, बाहेरून निळा रंग. दार हरबन्सने रंगासाठी सुरुवातीपासून काढून ठेवलं होतं, ते त्या सकाळी बसवलं. ताई आत गेल्या. फळी उचलली, टेकू लावला, तळहात फिरवला. पाटाशिवाय, सपाट जमिनीवर उभ्या होत्या. कोपर नेमकं जागेवर. तळहात बराच वेळ फळीवरच राहिला.

साहेब खूश होऊन आत चढायला गेले, आणि पोटाला फळी लागली. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा फळी. वर उचललेली फळी बरोबर दारात आडवी येत होती!

आता हे आम्हाला महिनाभर कळलं कसं नाही? दार नव्हतं ना! बाहेर जमिनीवर उभं राहायचं आणि आत हात घालून फळीवर काम करायचं, असं मी रोज करत होतो. वाटायचं, वा, काय सोयीची जागा आहे! आपण दारातच उभे आहोत, हे डोक्यात आलं नाही. हरबन्सच्याही नाही.

मी ओशाळून म्हटलं, "साहेब, आठवडा द्या. फळी उलट्या बाजूला घेतो."

आतून ताई म्हणाल्या, "काही नको."

साहेब बाहेरून म्हणाले, "अगं, पण तू स्वयंपाक करत असताना मी आत कसा येणार?"

"नका येऊ."

मग माझ्याकडे वळून सांगायला लागल्या, "दत्तूभाऊ, लग्न झाल्यापासून हे माझ्या पाठीशी उभे आहेत. फोडणी करपली, मीठ जास्त पडलं, गॅस मोठा आहे. मी पाटावर, यांचं तोंड बरोबर माझ्या कानाशी! देवाने तुमच्या हातून बरोबर जागी फळी बसवली. तिला हात लावायचा नाही."

साहेबांनी गाडीतून घडीची खुर्ची काढली, दाराबाहेर मांडली आणि बसले. तेव्हापासून ती त्यांची जागा.

* * *

पहिला प्रवास ऋषिकेशकडचा. परत आल्यावर साहेबांनी स्वतः येऊन सांगितलेला हा किस्सा.

वाटेत मुझफ्फरनगरच्या पुढे एका झाडाखाली ट्रेलर लावला. ताईंनी फळी उचलली, चहा टाकला. आता बाहेरून बघा हं: रस्त्याकडेला निळी गाडी, दारात आडवी फळी, फळीमागे बाई, आल्याचा वास. दोन ट्रकवाले आले. कोपर फळीवर टेकवून म्हणाले, "दो चाय, बहनजी. मीठा तेज़."

ताईंनी एकदा साहेबांकडे पाहिलं आणि आधण वाढवलं. ट्रकवाले झाडाखाली बसले. मग आणखी एक कुटुंब उतरलं. चहा तयार झाला, आणि द्यायला कोण? ताई तर आत अडकलेल्या!

ट्रकवाल्यांतल्या एकाने खुर्चीवर बसलेल्या साहेबांना हाक मारली, "अरे बाबूजी, बैठे क्या हो? चाय पकड़ाओ!"

आणि ज्यांच्या केबिनबाहेर लोक चिठ्ठी पाठवून बसत, ते रणदिवेसाहेब उठले आणि दोन्ही हातांत ग्लास घेऊन निघाले. पैसे अर्थातच घेतले नाहीत. ट्रकवाले चकित! जाताना त्यांनी ताईंना सांगितलं, "बहनजी, आदमी अच्छा रखा है. थोड़ा धीमा है."

ताई म्हणाल्या, "नया है. सीख जाएगा."

* * *

पुढे पुष्कळ वर्षं ते दोघं फिरले. दर वेळी आल्यावर बिजागरीला तेल घालायला ट्रेलर माझ्याकडे यायचा, आणि डब्यातून काहीतरी यायचं. हरबन्स बिजागरी न वाजताही म्हणायचा, "आवाज़ कर रही है जी." मग हरबन्स गेला. मीही काम कमी केलं. ट्रेलर येईनासा झाला.

एका डिसेंबरात, नाताळला दोन-तीन दिवस असतील, मी मयूर विहारला गेलो. ताई घसरून पडल्या, उजवं मनगट मोडलं, हाड नीट जुळलं नाही, एवढं कानावर आलं होतं.

फ्लॅटच्या खाली, कडुलिंबाजवळ ट्रेलर उभा. रंग उडालेला, टायर बसलेले. दारात फळी उचललेली. बाहेर उन्हात घडीच्या खुर्चीवर ताई, शाल पांघरून, हात मांडीवर. पाय जमिनीला पोचत नव्हते, म्हणून पायांखाली तो शिसवी पाट.

आणि आत साहेब! एवढा उंच माणूस कमरेत दुमडून त्या फळीवर करंजीची पारी लाटत होता. कपाळाला पीठ, चष्म्याला पीठ.

"काठ नीट चेपा!" ताई बाहेरून ओरडल्या. "तेलात फुटेल. आणि लाटताय किती जाड? पुरी आहे का ती?"

"दिसतंय गं मला."

"दिसतंय तर मग करा ना."

मला बघून दोघांनाही आनंद झाला. साहेब कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ झाले, तर डोकं छताला लागलं. मला त्यांची पाठ बघवेना. म्हटलं, "साहेब, इतकं वाकून कशाला? फार काम नाही. बिजागऱ्या काढतो, टेकू वर घेतो, ओटा तुमच्या उंचीचा करून देतो. उद्याच हत्यारं घेऊन येतो."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दाराबाहेर, खुर्चीकडे पाहिलं.

ताई पाटावरचे पाय जरा नीट करून बसल्या.

"ओट्याला हात लावायचा नाही, दत्तूभाऊ," त्या म्हणाल्या. "वाकू द्या यांना."

साहेबांनी चष्मा पुसला, लाटणं उचललं, आणि वाकले.