फ्रिजचा खालचा कप्पा

शाळेत माझ्या बाबतीत सांगण्यासारखं काही घडत नाही. माझ्याकडे जे किस्से साठलेत ते सगळे आईच्या लॅबमधले. आई पनवेलच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट आहे आणि बाबा न्हावा शेवा बंदरात शिफ्टमध्ये. त्यामुळे शाळा सुटली की मी लॅबच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर. कोणाशी बोलायचं नाही असा नियम कोणी घातलेला नाही, तो माझा मीच पाळते.

*

लॅबमध्ये प्रोटीन वेगळी करायला तयार जेल येतात. प्लॅस्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये जेलीसारखा पातळ थर आणि वर ओळीने खाचा. खाचेत नमुना सोडायचा, करंट लावायचा. मग रंग दिला की पट्टे दिसतात. मुदत संपलेली पाकिटं फ्रिजच्या खालच्या कप्प्यात जातात, मुलांना सरावासाठी, हात बसवायला.

आई मुदतीच्या बाबतीत फार कडक. घरी कालच्या तारखेचा पाव दिसला की तो गायीला जातो. एकदा लॅबचे सर जेलचं जुनं पाकीट दाखवत म्हणाले, "मॅडम, महिनाच तर उलटलाय. प्रोजेक्टला चालेल की."

"बीपीच्या गोळ्या पण अशाच घेता का, सर?"

सरांनी नवीन पाकीट उघडलं.

*

गव्हाणचे हिरामामा लॅबचे शिपाई. एकदा त्यांनी सुरमईचा तुकडा आणला. "बाजारवाली बोलली, म्हावरा ताजा हाय. तुमच्या मशीनला इचारा, सर."

सरांनी मजा म्हणून त्याचा नमुना काढून जुन्या जेलवर लावला. दुसऱ्या दिवशी बघितलं तर सगळे पट्टे वाकडे.

"जेल शिळं आहे, मामा."

"जेल शिला तं शिला. म्हावरा ताजा हाय ना, तेवरा बोला."

*

जुन्या जेलच्या कडा सुकतात, म्हणून कडेच्या खाचेत कोणी नमुना घालत नाही. एक दिवस सर माझ्याकडे वळले. "ती रिकामीच आहे. घालतेस?"

माझा अर्धा नमुना खाचेबाहेरच गेला.

"माझा पहिल्यांदा सगळाच गेला होता," सर म्हणाले.

माझा पट्टा तिरका आला, पण आला. तेव्हापासून कडेची खाच माझी झाली. एकदा मी तापाने घरी होते, तर कॉलेजातल्या मुलांनी आईला विचारलं, "आज कडेवाली नाही आली?" शाळेत मी आठवडाभर नव्हते तेव्हा असं कोणी विचारलं नव्हतं.

*

मग खालचा कप्पा रिकामा झाला. नवा खोका आला, लांबच्या मुदतीचा. नव्या जेलच्या कडा चांगल्या असतात, त्यामुळे सगळ्या खाचा प्रोजेक्टवाल्यांनाच लागल्या. मी परत स्टुलावर बसले. पुस्तक उघडलं आणि बराच वेळ एकच पान बघत राहिले.

आई फ्रिज लावत होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मग नव्या खोक्यातलं एक पाकीट उचललं, तारीख वाचली आणि ते खालच्या कप्प्यात, अगदी मागे सारलं.

"मॅडम, ह्यो तं नवा हाय," हिरामामा म्हणाले.

"राहू दे, मामा. जुनं होईल."