पत्ता बदलला त्या दिवशी
कॉम्प्युटरच्या तापलेल्या धुळीचा वास आला की तंजावरच्या राजवाड्यामागची ती खोली आठवते. आमच्या सगळ्या कामाचा कोड तिथे, मित्राच्या कॉम्प्युटरवर असायचा. मित्र अचानक वारला, तरी आम्ही चौघं आपापल्या घरून रोजचं काम तिथंच पाठवत राहिलो. काही पोचलं की त्या कॉम्प्युटरच्या पेटीवरचा हिरवा दिवा लुकलुकायचा, आणि त्याची आई कॉफीचा पेला घेऊन त्या दिव्यासमोर बसायची. पुढं आम्ही भाड्यानं सर्व्हर घेतला आणि एका सकाळी मी चौघांच्याही कॉम्प्युटरवर कोड पाठवायचा पत्ता बदलून टाकला. काम एका ओळीचं. संध्याकाळी मित्राच्या आईचा फोन आला. “कण्णा, बाळा, सकाळपासून दिवा हलला नाही. तुम्ही सगळे बरे आहात ना रे?” “बरे आहोत, अम्मा. आम्ही कोड दुसरीकडे हलवला. आता तो कॉम्प्युटर बंद केलात तरी चालेल.” फोनमधून त्या कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती; मग बटण दाबल्याचा आवाज आला आणि ती थांबली. दिवसाचं काम संपलं की माझा कॉम्प्युटर मी अजून स्वतः बंद करत नाही, बायकोला सांगतो.