साडूभाऊंची पाव गोळी

पूर्ण मात्रेत घेतलेली कुठलीही गोष्ट माणसाला बाधल्याशिवाय राहत नाही, असं मनापासून मानणारे माझे साडू हे अख्ख्या रायगड जिल्ह्यातले एकमेव गृहस्थ असावेत. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. दिघीहून आगरदांड्याला जाणाऱ्या फेरीबोटीवर गाड्या रांगेत लावून घ्यायच्या आणि तिकिटं तपासायची, हे त्यांचं काम. चहा घेणार तो अर्धा कप. उरलेला अर्धा तासाभराने, पुन्हा गरम करून. ताप आला तर गोळीचा अर्धा तुकडा, आणि ताप उतरला नाही तर "अर्धा तरी उतरला असंल" एवढ्यावर समाधान. एकदा बांधावरून भाऊबंदांशी त्यांचं वाजलं तेव्हा मी हजर होतो. साडूभाऊ रागाने लाल झाले, त्यांनी तोंड उघडलं आणि शिवीची पहिली दोनच अक्षरं बाहेर टाकून ते गप्प बसले. पुढची समोरच्याने आपली आपण समजून घ्यायची होती. त्याने ती घेतलीही.

एकच गोष्ट देवाने त्यांना पुरेपूर दिली होती आणि त्यांनीही ती तक्रार न करता ठेवून घेतली होती, ती म्हणजे केस. काळेभोर, दाट, मागे वळवलेले. पन्नाशी जवळ आली आणि ते केस जायला लागले. बोटीवर उघड्यावर उभं राहणाऱ्या माणसाला हे फार जड जातं. घरातला पंखा बंद करता येतो, खाडीवरचा वारा कोण बंद करणार? साडूभाऊंनी उरलेले केस डावीकडून उजवीकडे आणून बसवले आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन उभं राहायला सुरुवात केली. वारा फिरला की तेही फिरत. एका पर्यटकाने म्हणे त्यांना विचारलं होतं की काका, तुम्ही दर दोन मिनिटांनी जागा का बदलता. टोपी घाला, असं मी सुचवलं तर म्हणाले, "टोपी घातली की लोक धरूनच चालतात, आत काय न्हाय."

शेवटी ते माणगावला आमच्याकडे आले. आमच्या गल्लीच्या टोकाला कातडीच्या डॉक्टरीणबाई बसतात. वयाने साडूभाऊंच्या मुलीएवढ्या, पण बोलायला सरळ. त्यांनी रोज एक याप्रमाणे एक बारीकशी गोळी लिहून दिली आणि तिचे दुष्परिणामही सांगितले. सगळ्यांना होत नाहीत, पण काहींना होतात. मन उदास झालं किंवा आणखी काही जाणवलं तर लपवू नका, लगेच या, असं बजावलं. साडूभाऊ आमच्या ओसरीवर बसले, गोळ्यांच्या डबीतला तो घडी घातलेला कागद उघडून त्यांनी भिंग लावलं आणि दुपार होईपर्यंत वाचत राहिले. मधेच माझी बायको आत गेल्याचं पाहून माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "इच्छा कमी होते, असं लिवलंय." मी विचारलं, मग काय करणार? त्यांनी कागदाची घडी घातली. म्हणाले, "तशी पन कुठं पुरी मात्रा चालू हाय."

आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक गोष्ट पुरी घेतली. चार महिने, रोज एक गोळी. ताईंना, म्हणजे माझ्या मेव्हणीला, सांगितलं की ताकदीची गोळी आहे. केसांसाठी औषध घेतोय हे बायकोला सांगायची त्यांना लाज वाटली असावी. औषधाने आपलं काम केलं. उशीवर सकाळी सापडणारे केस कमी झाले, भांगाच्या जागी बारीक लव दिसायला लागली. पण साडूभाऊ बोलायचे थांबले. बोटीवर चढणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला गावाचं नाव विचारणारा माणूस नुसताच हात दाखवून गाड्या लावू लागला. घरी आला की भिंतीकडे तोंड करून आडवा व्हायचा. ताईंनी काही विचारलं तर "काय न्हाय" एवढंच.

मी त्यांना पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हे गोळीमुळे असू शकतं, नसूही शकतं, तूर्त बंदच करा, असं त्यांचं मत पडलं. साडूभाऊंनी हात जोडले. एवढी लव आली आहे, अर्धी गोळी चालेल का, असं त्यांनी विचारलं.  कमी मात्रेवरही काहींचे केस टिकतात, त्रासही कमी होऊ शकतो, पण होईलच याची हमी मी देणार नाही, असं म्हणून बाईंनी सहा आठवडे अर्धी गोळी लिहून दिली आणि रोजचं रोज लिहून ठेवायला सांगितलं.

हे सांगणं साडूभाऊंनी फारच मनावर घेतलं. बोटीवर वाऱ्याची आणि पाण्याची नोंद ठेवायची त्यांना सवय होतीच. तीच भाषा त्यांनी इथेही वापरली. दर आठवड्याला नोंदींची वही घेऊन ते माणगावला यायचे. एका बाजूला केस, दुसऱ्या बाजूला मन. "केस: स्थिर. मन: ढगाळ, वारा पडलेला." "केस: थोडे गेले. मन: उघडीप, दुपारी दोन वेळा हसलो." ज्या दिवशी केस बरे त्या दिवशी मन वाईट, आणि मन बरं असलं की केस वाईट. अर्ध्या गोळीवरही मळभ पुरतं हटेना, तेव्हा बाईंना न विचारताच त्यांनी पाव गोळी सुरू केली. माजघरातल्या खिडकीच्या फळीवर दाढीच्या ब्लेडने त्या मसुराएवढ्या गोळीचे चार तुकडे करायचे. तीन सापडायचे, चौथ्याचा भुगा व्हायचा. "केस किती ठेवले तर मी माझा ऱ्हातो, तेवढं एकदा कळलं पायजे," असं ते मला म्हणाले, तेव्हा मला हसू आलं होतं. आता येत नाही.

कारण त्याच दिवसांत ताई एकट्याच आमच्याकडे येऊन गेल्या. माझ्या बायकोजवळ बसून बराच वेळ रडल्या. आपण म्हाताऱ्या दिसायला लागलो, म्हणून नवऱ्याचं मन उडालं, अशी त्यांनी स्वतःची समजूत करून घेतली होती. नवीन साडी नेसून पाहिली, कानातले बदलून पाहिले, नवऱ्याने वर बघितलं नाही. बायकोने हे मला सांगितलं आणि मी साडूभाऊंना फोन करून म्हणालो, ताईंना सगळं खरं सांगा. सांगतो म्हणाले. अर्थात सांगितलं नाही.

त्यानंतर पंधरवड्यातच त्यांची मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली. सहावा सरून सातवा लागला होता. एका दुपारी साडूभाऊ कामावरून जेवायला घरी आले, तर मुलगी माजघरात खिडकीची फळी हाताने पुसत होती. मुंग्यांची पावडर सांडली आहे, असं तिला वाटलं होतं. डबीतल्या त्या कागदावरची गरोदर बाईबद्दलची ओळ साडूभाऊंनी भिंग लावून वाचलेली होती: फुटलेल्या गोळीला तिने हात लावू नये, पोटात मुलगा असेल तर त्याला धोका होऊ शकतो. ते असे काही ओरडले की शेजारची माणसं अंगणात जमा झाली. मुलीचा दंड धरून तिला न्हाणीत नेलं आणि स्वतः साबण लावून तिचे हात धुतले. एकदा, दोनदा, तीनदा. ती घाबरून विचारत होती, बाबा काय झालं.  मग तिथेच ओल्या फरशीवर बसून त्यांनी धावत आलेल्या ताईंना सगळं सांगून टाकलं. गोळी, अर्धी गोळी, पाव गोळी, वही, आणि ती इच्छेची गोष्टसुद्धा, मुलीला बाहेर पाठवून.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. केसांबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मला वाटलं, तुमाला मीच नको झाले."

डॉक्टरीणबाईंनी फोनवर धीर दिला. एकदा हात लागला आणि लगेच धुतला, एवढ्याने घाबरायचं कारण नाही, पण तिच्या डॉक्टरांच्याही कानावर घाला, असं सांगितलं. पाव गोळीबद्दल साडूभाऊंना त्यांनी चांगलंच झापलं. त्या दिवसापासून घरात गोळी आली नाही. मुलगी सुखरूप बाळंत झाली. तिलाही मुलगीच झाली. साडूभाऊंचं मन हळूहळू, दोन-तीन महिन्यांनी मोकळं झालं आणि डोकं त्याच सुमारास साफ झालं.

गेल्या महिन्यात श्रीवर्धनहून मुरुडला जाताना मी त्यांच्या बोटीवर होतो. गाड्या लावून झाल्यावर ते कठड्याशी माझ्याजवळ येऊन उभे राहिले.  मग म्हणाले, "त्या आठ महिन्यांत तिच्याशी जे बोलायचं ऱ्हायलं, ते आता बोलून भरून येतं का वो?"

 माझ्या उत्तराची त्यांनी वाट पाहिली नाही. खिशातून फोन काढला, घरी लावला आणि आज कसली भाजी केली आहे, असं विचारलं. पलीकडून ताई काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. पण बोट आगरदांड्याला लागली, गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले, तरी साडूभाऊ फोन कानाला धरून, मान हलवत, भाजीचं ऐकत उभे होते.