आंबटाची भीती

सकाळी डोळे उघडण्याआधी मी हाताची मूठ वळून बघायची. वळली तर दिवस बरा, नाही वळली तर दिवसभर धास्ती. माझ्या आईची बोटं चाळिशीतच वाकडी झाली होती. शेवटी शेवटी तिला घासही भरवावा लागे. लग्न होऊन मी माकुणसारला आले, मुलगी झाली, आणि एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास माझीही बोटं सुजायला लागली.

पालघरच्या वैद्यांनी आमवात सांगितला आणि पथ्याचा कागद हातात दिला. दही बंद, चिंच-कैरी बंद, वांगं बंद, मासळी बंद. आमच्याकडे एवढं बंद केल्यावर माणसाने खायचं तरी काय? मुगाचं वरण, दुधी, आणि पुन्हा मुगाचं वरण. मी ते निमूट गिळलं. घरात बोंबलाचं कालवण शिजलं की मी ओटीवर जाऊन बसायची.

तरीही काही सकाळी मूठ वळायची नाहीच. मग सासूबाई म्हणायच्या, "कायतरी आंबट खाल्लं असशील तू. उगाच हात सुजत नाय."

आणि मी वेड्यासारखी आठवत बसायची. काल वरणात टोमॅटो होता का? पळी कालवणातली तर नव्हती? पुढे मी माझी पळी, माझं पातेलंच वेगळं केलं. मला भरल्या ताटाची भीती वाटू लागली.

माझी हाडं दिसायला लागली तेव्हा नवऱ्याने बोईसरच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "आंबटाने बोटं वाकत नाहीत हो. गोळ्या चुकवू नका आणि पोटभर जेवा." मी मान डोलावली, गोळ्या घेतल्या आणि घरी येऊन पुन्हा मूगच शिजवले.

त्या उन्हाळ्यात आमच्या वाडीत पोरं तिखटमीठ लावून कैरी खात बसली होती. माझी नऊ वर्षांची मुलगी तेवढी बाजूला, हात फ्रॉकखाली लपवून. मी विचारलं, तुला नको का गं?

"नको. माजे हात तुज्यासारखे होतील." मग तिने हळूच हात बाहेर काढला. "मी पण रोज उठल्यावर बगते. आज वळली."

आजार मी तिला दिला होता की नाही, देव जाणे. भीती मात्र माझ्याच हाताने वाढली होती. मी कैरीची फोड उचलली आणि तिच्यासमोर खाल्ली. "बघ, काही होत नाही," मी म्हणाले. तिने मात्र फोडीला हात लावला नाही. "उद्या बगू," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा मूठ वळून बघायची माझी छाती होईना. तेवढ्यात तिचाच हात माझ्या हातावर आला आणि ती माझी बोटं एकेक करून मिटू लागली. तीन मिटली, चौथं अडलं. कळ मस्तकात गेली. मी श्वास रोखून ते जोराने मिटलं.

"वळली," मी हसून म्हणाले, आणि ती कैरी मागायला सासूबाईंकडे पळाली.