भुयार सरांची मराठी प्रयोगशाळा

भुयार सरांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते जमिनीवर बसलेले होते. अमरावतीच्या आमच्या महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक म्हणून रुजू व्हायला मी अकोल्याहून सकाळच्या बसने आले होते. हातात नेमणुकीचे पत्र, अंगावर मोठ्या बहिणीची साडी. संगणक प्रयोगशाळेचे दार सताड उघडे होते आणि विभागप्रमुख श्री. वसंतराव भुयार सतरंजीवर मांडी घालून एका संगणकाचे पोट उघडून बसले होते. मी पत्र पुढे केले. त्यांनी ते न वाचताच खुर्चीवर ठेवले आणि विचारले, "पेचकस धरता येते काय तुमाले?"

"शिकीन, सर."

"मंग बसा. साडी सांभाळा, धूळ लय आहे."

त्या आठवड्यात सर प्रयोगशाळेतला एकेक संगणक पुसून कोरा करत होते. का, ते मला दोन दिवसांनी कळले. त्या काळी सगळीकडे होते तसेच आमच्याकडेही होते. संगणकावर विकतची प्रणाली होती, पण ती कुणी विकत घेतलेली नव्हती. कुणाकडून तरी आणलेल्या एका तबकडीवरून ती सगळ्या यंत्रांत उतरवलेली होती. याबद्दल कुणाला काही वाटत नसे. मी येण्याच्या थोडेच दिवस आधी सरांनी परीक्षेत एका विद्यार्थिनीला शेजारणीचे पाहून लिहिताना पकडले. ती रडली नाही. ती म्हणाली, "सर, मी दोन ओळी पाहून लिहिल्या. या कॉम्प्युटरमंधलं तं सगळंच कॉपीचं आहे." सरांनी नियमाप्रमाणे तिची उत्तरपत्रिका काढून घेतली. पण त्यानंतर त्यांना चैन पडेना. पुढच्या सोमवारी ते प्राचार्यांकडे गेले आणि म्हणाले, "माह्या प्रयोगशाळेत आता लिनक्स राहील. ते फुकट आहे, उघडं आहे आणि आपलं आहे. चोरलेलं नाही."

लिनक्स म्हणजे काय हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हते. सर स्वतः मुळात भौतिकशास्त्राचे. ही मुक्त प्रणाली ते मासिकांतून वाचून, चुका करत, कधी अख्खे यंत्र बंद पाडून शिकले. कुणी विचारले, "सर, हे कशाला?" तर त्यांचे उत्तर ठरलेले असे. "मोटरपंप बिघडला तं आपण खोलून पाह्यतो ना? मंग या लोकांनी हेच काहून झाकून ठेवलं?" भुयारांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या काळ्या जमिनीची शेती. खोलून पाहण्याची सवय सरांना तिथूनच लागली असावी.

सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्तच्या अशा गौरवलेखात केवळ चांगलेच लिहावे असा संकेत आहे. तो मी थोडा मोडते, कारण सरांनाच तसे आवडेल. मोर्शीकडचे एक संत्रा बागायतदार आपल्या मुलीला, वैशालीला, आमच्याकडे शिकायला घालताना सरांना म्हणाले होते, "सर, बाजारात जे चालते तेच पोरीले शिकवा." सर हसून म्हणाले, "दादा, हे आलं तं तेही येते." वैशाली वर्गात पहिली आली. पुढे नागपूरला नोकरीच्या चाचणीत तिच्यासमोर विकतच्या प्रणालीचा संगणक ठेवला. ती गोंधळली आणि नापास झाली. सरांना हे समजल्यावर रविवारच्या पहिल्या बसने ते मोर्शीला गेले, मला सोबत घेऊन. बागेतल्या खाटेवर बसून त्यांनी वैशालीच्या वडिलांना सांगितले, "माही चूक झाली. दोन्ही शिकवाले पायजे होतं." त्या गृहस्थांनी सरांपुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मग म्हणाले, "तुमी आले, लय झालं." वैशालीचे लग्न तोवर ठरले होते. तिने पुन्हा संगणकाला हात लावला नाही. सरांनी परत आल्यावर रीतसर परवाना घेतलेली दोन यंत्रे प्रयोगशाळेत ठेवली, पण आजही बोलता बोलता ते थांबतात आणि म्हणतात, "वैशालीचं राहून गेलं."

आता सरांच्या सर्वांत मोठ्या कामाकडे येते. आमचे विद्यार्थी धामणगाव, मोर्शी आणि आसपासच्या खेड्यांतून येत. पडद्यावरचे इंग्रजी वाचून ते बिचकत. मुक्त प्रणालीचे असे असते, की तिच्या आतले शब्द कुणालाही आपल्या भाषेत आणता येतात. देशोदेशींचे लोक हे काम बिनमोबदला करतात. सरांनी मराठीचे काम घ्यायचे ठरवले, आणि त्यात त्यांना जोडीदार मिळाली ती त्यांची एकुलती एक मुलगी रेवती. ती तेव्हा मराठी घेऊन एम. ए. करत होती. पुढे शाळेत मराठीच शिकवू लागली.

दर रविवारी सकाळी सरांच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही तिघे बसायचो. सुमनकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, चहा ठेवून आत जायच्या. एकेका शब्दावरून बापलेकीचे तासतास भांडण चाले. फाईल पुसण्याआधी संगणक विचारतो, त्याचे सरांनी लिहिले होते, "आपणांस खात्री आहे काय?"

"बाबा, हे ठाणेदारानं विचारल्यासारखं वाटते," रेवती म्हणाली. "साधं लिहा ना. 'नक्की काढू?'"

"यंत्र इतकं लाडानं बोलत नसते, बाई."

"बोलू द्या की. माणसं तरी कुठं बोलून राहिली?"

'शोधत आहे' या ओळीला तिने एकदा 'शोधून राहिलो' असे वऱ्हाडीत लिहून ठेवले होते. सर म्हणाले, "पुण्याचे लोक चिडतील." ती म्हणाली, "चिडू द्या. सापडलं म्हंजे झालं." शेवटी 'शोधत आहे' हेच राहिले, पण आमच्या प्रयोगशाळेत मुले 'शोधून राहिलो'च म्हणत. पहिल्यांदा मराठी पडदा सुरू झाला तेव्हा एक विद्यार्थिनी मोठ्याने एकेक शब्द वाचत गेली आणि सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

माझ्यावरचे त्यांचे उपकार सांगायचे तर वेगळा लेख होईल. एकच सांगते. नोकरी करता करता मी एम. एस्सी. करत होते आणि माझी प्रात्यक्षिक परीक्षा नेमकी महाविद्यालयाच्या परीक्षेच्या दिवशी आली. रजा मिळेना. सर म्हणाले, "तुमी जा. सहायकाचं काम मी करतो." परत आल्यावर शिपायाने सांगितले, विभागप्रमुखांनी सकाळी येऊन फळा पुसला, यंत्रे लावली, पाणी भरून ठेवले आणि दिवसभर माझ्या स्टुलावर बसले. आज मी अकोल्याला अधिव्याख्याती आहे. त्या स्टुलाची आठवण झाली की माझ्या हाताखालच्या माणसांशी बोलताना माझा आवाज आपोआप खाली येतो.

सर निवृत्त झाले आणि वर्षभरात प्रयोगशाळा बदलली. नव्या विभागप्रमुखांना नवी यंत्रे मिळाली होती, ऑनलाइन परीक्षांसाठी विकतची प्रणाली हवी होती. त्यांची अडचण खोटी नव्हती. पण सरांना कुणी कळवले नाही. एका कार्यक्रमाला म्हणून ते महाविद्यालयात गेले, तर त्यांची यंत्रे जिन्याखाली एकावर एक रचलेली होती आणि त्यांच्यावर जुना फ्लेक्स टाकलेला होता. मी मागेच उभी होते. सरांनी खिशातून रुमाल काढला, वरच्या यंत्राची धूळ पुसली आणि रुमाल पुन्हा नीट घडी करून खिशात ठेवला. कार्यक्रमात ते पहिल्या रांगेत बसले, टाळ्या वाजवल्या. घरी जाताना फक्त म्हणाले, "चालतात अजून. वाया जातील." त्यांनी रीतसर अर्ज करून ती यंत्रे मागून घेतली आणि दुरुस्त करून गावोगावच्या शाळांना, वाचनालयांना दिली. काही अकोल्याला आमच्या वाचनालयात आली. ती बसवायला सर स्वतः रेल्वेने आले होते.

त्यानंतर रेवतीचे आजारपण आले. रक्ताचा कर्करोग. नागपूरच्या दवाखान्यात महिनोन्‌महिने उपचार चालले. तिने लहानसा लॅपटॉप सोबत नेला होता. मी भेटायला गेले की दाखवायची. ज्यांना नीट दिसत नाही, ज्यांचे हात चालत नाहीत, अशा लोकांसाठी संगणकात सोयी असतात, त्या भागाचे मराठी ती करत होती. "हे कुणीच घेत नाही, ताई," ती म्हणाली. "कमी लोकांच्या कामाचं आहे ना, म्हणून." तिची बोटे सुजली होती. सरांनी एकदाच तिला म्हटले, "बाई, राहू दे आता." तिने ऐकले नाही. पावसाळा संपता संपता ती गेली. तेहतीस वर्षांची होती.

वर्षभर सरांनी संगणक उघडला नाही. रविवारी मी जायची. टेबल तेच, पण आम्ही नुसते बसायचो. रेवतीचा लॅपटॉप कपाटावर ठेवलेला होता. त्यात तिने पूर्ण केलेले पण पाठवायचे राहिलेले काम होते, हे आम्हाला माहीत होते. त्याला पासवर्ड होता आणि तो तिच्याबरोबर गेला असे आम्ही धरून चाललो होतो. एके दिवशी मी धीर करून म्हणाले, "सर, तुम्हाला तर हे सहज उघडता येईल." खरेच होते. पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू केले की आतल्या फायली दिसतात, हे त्यांनीच आम्हाला शिकवले होते.

सर म्हणाले, "येते ना. पाच मिनिटांचं काम आहे. पण कुलूप तिनं लावलं आहे, अर्चना. मी काहून तोडू?"

आयुष्यभर सगळे उघडे असावे म्हणून भांडलेला हा माणूस लेकीच्या दारापाशी थांबला होता.

सुमनकाकू आतल्या दारात उभ्या होत्या. चहाचा ट्रे त्यांनी खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मले मालूम आहे तो पासवर्ड."

सरांनी मान वर केली. "तुले?"

"तिचा हात चालत नव्हता. ती सांगे, मी लिवत होती. दोन महिने." काकू पदराने हात पुसत राहिल्या. "तुमी औषधं आणाले जायचे तवा. तुमी मले कधी विचारलंच नाही."

ज्या काकूंना आम्ही इतकी वर्षे फक्त चहा आणताना पाहिले, त्यांनी लॅपटॉप समोर ओढला आणि एका बोटाने, एकेक कळ शोधत, पासवर्ड टाकला. तो काय होता ते मी पाहिले नाही. सरांनीही तोंड फिरवले होते. मग यंत्र सुरू झाले आणि दोघे नवराबायको त्या पडद्यासमोर बसून रडले. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावत बसले.

पुढचे तीन रविवार सर आणि काकूंनी मिळून ते काम तपासले. काकू म्हणायच्या, "इथं तिनं असं सांगितलं होतं, माह्याच्यानं चुकलं," आणि सर दुरुस्त करायचे. काम पाठवले गेले. प्रणालीच्या पुढच्या आवृत्तीत अनुवादकांच्या यादीत रेवतीचे नाव आले, आणि सरांच्या आग्रहाने तिच्या खाली सुमन भुयार हेही नाव आले. काकूंनी ते पाहून एवढेच म्हटले, "मले काय समजते त्यातलं!" पण शेजारणीला बोलावून दाखवले.

गेल्या तीन वर्षांपासून सरांना कंपवात आहे. टंकताना एक कळ दाबायला जावे तर चार अक्षरे उमटतात. त्यावर संगणकात सोय आहे. कळ थोडा वेळ दाबून धरल्याशिवाय अक्षर उमटत नाही. सरांनी ती शोधून सुरू केली, तेव्हा खाली सूचना आली, "सावकाश दाबा, चालेल." सर म्हणाले, "ही भाषा रेवतीचीच." काकू म्हणाल्या, "हाव. आन् लिवली मी." सर आता तसेच, सावकाश, रोज सकाळी थोडे थोडे काम करतात. गावोगावची मुले फोन करून अडचणी विचारतात. हात थरथरत असला तरी सर फोन स्वतःच धरतात.

या गौरव अंकासाठी आम्ही जुने सहकारी संमती घ्यायला गेलो तेव्हा सरांनी हात जोडले. "छापा काय छापाचं ते," ते म्हणाले, "पण माह्यासाठी आयुष्य मागू नोका. पंच्याहत्तर वर्षं मले भेटली, तिले तेहतीस. ही वर्षं चुकीच्या माणसाले भेटून राहिली."

काकू खिडकीजवळ शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटले, "आन् मी? मी एकटीनं बसू काय या घरात?"

सर उठून, भिंतीला धरत, त्यांच्याशेजारी जाऊन बसले आणि थरथरत्या हातांनी शेंगा सोलू लागले.

म्हणून सरांची आज्ञा मोडून मी इथे जाहीरपणे मागते आहे. त्यांना खूप आयुष्य लाभो, त्यांच्या हातांना थोडा आराम पडो. काकूंच्या शेजारची ती जागा पुष्कळ वर्षे भरलेली राहो.